पहिला, दुसरा, तिसरी आणि काकू

"एक मिनिट, होल्ड करा," असं म्हणून काकू उजवा तळहात समोर धरायच्या आणि डोळे मिटायच्या. समोरचा कितीही तावातावाने बोलत असला तरी गप्प व्हायचा. दूधवाला, सोसायटीचे चेअरमन, मी, कोणीही. काकू आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हात अजून ड्युटीवर होता.

पुण्यात, धायरीला आमच्या इमारतीच्या मागे पिठाची एक बंद पडलेली गिरणी आहे. इंजिनिअरिंगच्या चार मुलांनी ती भाड्याने घेतली, गिटारी आणि ड्रम आणून ठेवले आणि मराठीत हार्ड रॉक वाजवायला सुरुवात केली. बँडचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुमच्यापैकी कुणी तो ऐकला असेल, तर नाव वाचताच तुम्ही कुठल्या तरी पक्षात जाऊन बसाल, आणि काकूंचं सांगायचं राहून जाईल.

पक्ष म्हणजे असे. या बँडला आजवर तीन मुख्य गायक झाले. आम्ही चाहते त्यांची नावं घेत नाही. पहिला, दुसरा, तिसरी, एवढंच म्हणतो. पहिला खरखरीत आवाजाचा, पत्रा फाटावा तसा गाणारा. तो नोकरीसाठी जर्मनीला गेला. दुसरा शास्त्रीय शिकलेला, त्याचा सूर कुठेही पोचायचा. तिसरीचं पुढे सांगतो. चाहत्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी चालवायचो. त्यात सकाळचा नमस्कारसुद्धा भांडणाने व्हायचा.

काकूंची आणि माझी खरी ओळख पहिल्याच्या काळात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाली. विषय एकच, गिरणीतला आवाज. कुणाची मुलं अभ्यासाला बसेनात, कुणाचं ब्लडप्रेशर वाढलेलं. पोलिसांत जायचं ठरत आलं होतं. काकूंच्या बेडरूमची खिडकी थेट गिरणीवर उघडायची, म्हणजे सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच. चेअरमन म्हणाले, "तुम्ही बोला."

तळहात वर झाला.

"होल्ड करा. तक्रार आवाजाची आहे की गाण्याची? आवाजाची असेल तर वेळ ठरवून द्या, पाच ते सात. गाण्याची असेल, तर तो मुलगा शब्दाचा शेवट गिळतो, हे त्याला कुणीतरी सांगा."

सभा संपली. पाच ते सात ठरलं. मी जिन्यात त्यांना गाठून विचारलं, "काकू, तुम्ही ऐकता?"

"खिडकी आहे ना," त्या म्हणाल्या.

पहिला गेला आणि दुसरा आला, तेव्हा ग्रुपवर युद्धच पेटलं. तुम्ही कुठल्याही बँडचे चाहते असाल तर तुम्हाला हे ठाऊक असेल. गायक बदलला की आपल्याला आपल्या घरातलंच कुणीतरी बदलल्यासारखं वाटतं. एका रविवारी सकाळी मी ग्रुपमधल्या सहा जणांना काकूंकडे घेऊन गेलो. त्यांनी पोहे केले होते. "खाताना मत द्यायचं नाही," ही अट. खाऊन झाल्यावर त्यांनी सगळ्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं, हातात एकेक चिठ्ठी दिली आणि माझ्या फोनवर एकच गाणं दोन वेळा लावायला सांगितलं, एकदा पहिल्याचं, एकदा दुसऱ्याचं. क्रम त्यांनी ठरवला. कोण कुठला ते लिहायचं.

आमच्यात वारज्याचा एक जण होता. पहिल्याचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून आला होता. त्याने दुसऱ्याला पहिला म्हणून लिहिलं आणि शिवाय त्याखाली ठसठशीत रेघ मारली. निकाल कळल्यावर म्हणाला, "रेकॉर्डिंग खराब आहे."

"हो, रेकॉर्डिंगच खराब," काकू म्हणाल्या. "तुम्ही अजून पोहे घ्या."

मग कुणीतरी विचारलंच, "काकू, तुम्हाला कोण आवडतो?"

"आवडण्याचं मला सांगता नाही येत. एक्स्चेंजमध्ये आम्हाला माणूस दिसायचा नाही. पण तो कुणाशी बोलतोय ते आवाजावरून कळायचं. साहेबाशी, बायकोशी, की जिचं नाव घरी काढता येत नाही तिच्याशी." सगळे हसले. काकू हसल्या नाहीत, त्या डोळे मिटून विचार करत होत्या. "पहिला समोरच्या गर्दीशी बोलायचा. हा दुसरा आरशाशी बोलतो."

गाणी संपल्यावर गंमत टिपायला म्हणून मी फोनवर आमच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावलं होतं, ते चालूच होतं. घरी येऊन मी तेवढं वाक्य कापलं आणि ग्रुपवर टाकलं. मला वाटलं, केवढं मार्मिक बोलल्या! मार्मिक होतंच. दोन दिवसांत ते ग्रुपच्या बाहेर गेलं, चार दिवसांत त्याचे स्टिकर झाले.

पुढच्या आठवड्यात एका कॉलेजच्या मैदानावर बँडचा कार्यक्रम होता, दुपारी चारचा, उन्हातला. दुसरा गायला उभा राहिला आणि पुढच्या तीन-चार रांगांनी खिशातून आरसे काढले. पावडरच्या डबीतले असतात तसले लहान. सगळ्यांनी मिळून ऊन त्याच्या तोंडावर पाडलं. त्याने एक गाणं डोळे बारीक करून पुरं केलं. दुसरं अर्धं म्हटलं. मग माइक स्टँडवर नीट बसवला, वायर पायात येणार नाही अशी बाजूला केली आणि पायऱ्या उतरून निघून गेला. मी त्याच रांगांच्या मागे उभा होतो. आरसा माझ्याकडे नव्हता. त्याची गरज नव्हती, वाक्य मीच पसरवलं होतं.

चार-पाच दिवसांनी काकूंनी मला जिन्यात थांबवलं.

"गिरणीत नुसतंच वाजतंय. गाणारा आजारी आहे का?"

मी सगळं सांगितलं. या वेळी तळहात वर आला नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वाक्य माझं होतं ना?"

"हो."

"मग मला विचारलंस का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"आम्ही दिवसभर लोकांचं ऐकायचो," त्या म्हणाल्या. "लग्नं मोडलेली ऐकायचो, माणसं गेलेली ऐकायचो. बाहेर न्यायचं नाही, हा पहिला नियम. मी एकदा नेलं होतं. पुढे काय झालं ते तुला सांगणार नाही." आणि थोडं थांबून, "पत्ता काढ त्याचा."

रविवारी काकू माझ्या स्कूटरवर मागे एका बाजूला बसल्या. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर चिवड्याचा डबा. दुसरा कात्रजला तिसऱ्या मजल्यावर राहत होता. दार त्यानेच उघडलं. मला ओळखलं आणि चेहरा बंद झाला.

"मी ती आरशावाली," काकू म्हणाल्या. "आत येऊ का?"

त्याने खुर्ची दिली. पुणेरी असूनही दारातून परत पाठवणं त्याला जमलं नाही. म्हणाला, "तुमचं बरोबरच असेल, काकू. तुम्ही जाणकार."

"बरोबर आहेच. पण ते मी घरी सहा जणांना सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं तर तुमच्याकडे येऊन सांगायला हवं होतं. ते हजारो लोकांत गेलं, त्याची माफी मागायला आलेय."

त्याची ही अपेक्षा नव्हती. त्याने चिवड्याचा डबा घेऊन टेबलावर ठेवला. मग एकदम म्हणाला, "खरं सांगा. तो माझ्यापेक्षा चांगला होता का?"

"तो तुमच्या आधी आला होता," काकू म्हणाल्या. "लोकांनी त्याला आधी ऐकलं. अर्धं भांडण तेवढ्यावरच आहे."

तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणाचा तरी म्हातारा आवाज आला, "कोण आलंय रे?" त्याचे वडील. त्यांना फार कमी ऐकू यायचं. दुसऱ्याने मान वळवली आणि बसल्या जागेवरून हाक दिली, "बाबा, पाहुणे आलेत! चहा टाकतोय! तुम्ही घेणार का?"

खिडकीची काच थरथरली म्हणालो तर तुम्ही हसाल. पण तो आवाज आम्ही स्टेजवर कधी ऐकला नव्हता. छातीतून निघालेला, कडेला थोडा फाटलेला, भिंत ओलांडून एका माणसापर्यंत पोचायला निघालेला.

काकूंचा तळहात वर झाला होता. "होल्ड करा. परत म्हणा."

"काय?"

"चहाचं."

तो ओशाळून हसला, पण पुन्हा म्हणाला. आतून वडील चिडले, "घेणार म्हटलं ना! किती वेळा विचारशील?"

"हा आवाज गिरणीत कधी आणला नाहीत तुम्ही," काकू म्हणाल्या.

"असं गायलो तर लोक म्हणतील, ओरडतो."

"आत्ता काय म्हणतायत?"

चहा झाला. वडील बाहेर येऊन बसले, त्यांनी काकूंना आपल्या गुडघ्यांबद्दल सविस्तर सांगितलं. गाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी ग्रुपवर माफी लिहिली. रेकॉर्डिंग कुणाकुणाकडून पुसून घेता येईल तेवढं घेतलं. काही जण मला नावं ठेवून ग्रुप सोडून गेले. पंधरवड्याने दुसरा गिरणीत परतला. पहिल्या दिवशी मी काकूंच्या खिडकीत उभा होतो. आवाज बदलला होता का? मला वाटतं बदलला होता. पण तोवर माझा कानही बदलला होता, त्यामुळे शपथेवर सांगता येत नाही. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "आता ऐकू दे."

पुढे तीन वर्षं तो गायला, आणि चांगला गायला. मग वडिलांची तब्येत फारच बिघडली, तेव्हा त्याने आपणहून बँड सोडला आणि कात्रजला घरीच गाण्याचे वर्ग सुरू केले. तोवर तो काकूंना "अगं काकू" म्हणण्याइतका जवळचा झाला होता.

मग तिसरी आली. वाघोलीची, शेतकरी घरातली. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण घरातली भाषा तशीच राहिलेली. ती "हाय" आणि "न्हाय" म्हणायची, गाण्यातसुद्धा. ग्रुपवर हलकल्लोळ. आणि गंमत बघा, तेच लोक आता लिहू लागले, "दुसऱ्याची सर कुणाला नाही." सगळ्यात लांबलचक पोस्ट वारज्याच्या त्या टी-शर्टवाल्याची. ती मी काकूंना वाचून दाखवली, तेव्हा त्यांना हसून हसून ठसका लागला.

तिसरी आपणच एकदा जिना चढून काकूंकडे आली. मी तिथेच होतो.

"काकू, मी त्या दोघांसारखं गाऊ का? लोकं लई बोलत्यात."

"घरी भावाशी भांडताना कशी बोलतेस?"

"अशीच की."

"मग गाताना परकी जीभ कशाला?"

तिसरीने ते किती मनावर घेतलं, ते तिने त्या संध्याकाळी गिरणीत दाखवलं. वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायचं थांबलं. मी काकूंना विचारलं, "ही कुणाशी बोलते?" काकू खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "अजून लाइन लागत नाहीये मला. लागलं की सांगते." नंतर मी दोन-तीनदा आठवण करून दिली, पण दर वेळी त्या "थांब जरा" म्हणाल्या. इतकी वर्षं ऐकून त्यांना न ओळखता आलेला हा एकच आवाज, आणि त्यामुळे त्या फार खूश असायच्या.

गेल्या श्रावणात काकू गेल्या. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच. नाशिकहून भाची आली, सामान आवरून गेली. दुसरा आला होता, तिसरी आली होती. दोघं एकमेकांशेजारी उभी होती आणि ग्रुपवर त्या दिवशी कुणी काही लिहिलं नाही. फ्लॅट एका आयटीतल्या जोडप्याने घेतला आहे. चांगली मुलं आहेत. त्यांनी बेडरूमला एसी बसवला, त्यामुळे ती खिडकी आता बंद असते.

त्या आधीच्या जानेवारीत मी काकूंना पहिल्यांदा आणि शेवटचं बँडच्या कार्यक्रमाला नेलं होतं. इतकी वर्षं ऐकत होत्या, पण एकदाही पाहिलं नव्हतं. संध्याकाळची वेळ, मोकळं मैदान, कानात कापसाचे बोळे. तिसरीचं गाणं सुरू झालं आणि मी त्यांच्यासाठी पुढे जागा करायला लागलो. वळून पाहिलं तर काकूंनी स्टेजकडे चक्क पाठ केली होती. त्यांच्यासमोर दोन-तीनशे पोरं डोळे मिटून, माना झटकत, गळ्याच्या शिरा ताणून प्रत्येक ओळ म्हणत होती. काकू पर्स छातीशी धरून त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या, ती कुणाशी बोलते ते शोधावं तशा एकेका चेहऱ्यावर थांबत, शेवटच्या गाण्यापर्यंत.