एकाच पाण्यात

"तू थांब जरा. आधी या मुली आंघोळ करून येतील. मग तू जा."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. खरं तर जपानमधल्या त्या डोंगरातल्या सरायीत आमच्या गटाशिवाय मराठी कळणारं कोणीच नव्हतं.

नाशिकच्या आमच्या कॉलेजातून जपानी शिकणाऱ्या मुलींचा गट अभ्यास-सहलीला गेला होता. मी त्यात एकटीच पेठ तालुक्यातली. कोकणा आदिवासी. नाशिकला हॉस्टेलवर राहते. मुलाखत देऊन निवडली गेले होते, तरी विमानात कोणीतरी "कोट्यातून" म्हणालंच.

सरायीत गरम झऱ्याचं मोठं कुंड होतं. तिकडची रीत अशी की आधी बाहेर अंग घासून धुवायचं, मग सगळ्यांनी एकाच पाण्यात उतरायचं. मॅडमनीच हे वर्गात शिकवलेलं. टॉवेल घेऊन दाराशी पोचलो तेव्हा नाशिकच्या इंदिरानगरात राहणारी सई मागे वळली. माझ्यासमोरच तिने मॅडमना विचारलं,

"ही पण आमच्याच पाण्यात येणार?"

तेव्हा मॅडमनी मला थांबवलं.

मी बाकावर बसले. आतून हसण्याचे आवाज येत होते. सराय चालवणाऱ्या म्हाताऱ्या बाई आल्या. जपानीत म्हणाल्या, जा ना, पाणी छान आहे. मी म्हटलं, नंतर जाईन.

"का?" त्यांनी विचारलं.

तो शब्द मला येत होता. उत्तराला लागणारे शब्द वर्गात शिकवले नव्हते. पोट दुखतंय म्हटलं. त्यांनी गरम चहा आणून दिला. मी प्यायले.

मुली बाहेर आल्या. मी आत गेले. अंग घासलं. जरा जास्तच घासलं. गळ्यापर्यंत पाण्यात बसले. पाणी कढत होतं म्हणे. मला काही जाणवलं नाही.

पुढचे सगळे दिवस तसेच गेले. देवळं पाहिली. गुडघे मोडून चहाच्या समारंभाला बसले. फोटोत मी हसते आहे. कधी हसले, आठवत नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "तिकडं लय थंडी होती का गं?"

"नाय," म्हटलं. ती भाकरी थापत राहिली.

मग कॉलेजात सहलीचा कार्यक्रम ठरला. मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"तू बोल. तू बोललीस की मुलांवर परिणाम होतो. आईचं लुगडं नेसून ये, तुमच्या पद्धतीचं. आणि तिकडे सगळे एकाच पाण्यात कसे उतरतात, उच्चनीच काही नाही, ते जरूर सांग."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या मस्करी करत नव्हत्या. त्या विसरल्या होत्या. माझ्या अंगाला चिकटून बसलेली गोष्ट त्यांच्या लेखी घडलीच नव्हती.

तिथे माझ्या आत काहीतरी हललं. राग म्हणावा इतकंही नाही. बधिर पायात मुंग्या येतात, तसं.

मी जीन्स घालून गेले. माईक घेतला.

"तिकडे सगळे एकाच पाण्यात उतरतात. मला उतरू दिलं नाही. जपानी माणसांनी नाही. आपल्या गटाने. मला बाहेर बसवलं, बाकीच्यांची आंघोळ होईपर्यंत."

समोर बसलेली सई मोबाईलमध्ये बघत होती. मॅडमनी माईकसाठी हात पुढे केला. मी दिला नाही.

"मी कोकणा आहे, म्हणून," एवढं बोलले आणि मग खाली उतरले.

नंतर मॅडम म्हणाल्या, "इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. लहान आहेत मुली."

"मॅडम, मला मुलींनी नाही थांबवलं. तुम्ही थांबवलंत."

त्या म्हणाल्या, "पुढच्या शिष्यवृत्तीला माझी शिफारस लागते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

शिफारस मिळाली नाही. मी मागायलाही गेले नाही. भाषेची पुढची परीक्षा शिफारशीशिवाय देता येते. ती देते आहे.

हॉस्टेलवरच्या सुरगाण्याच्या आदिवासी मुली परवा विचारत होत्या, "ताई, पुढच्या सहलीला आम्ही नाव देऊ का?"

"द्या. आणि कोणी बाजूला बसवलं तर तिथल्या तिथं बोला. सगळ्यांसमोर."

मॅडमच्या वर्गात मी पहिल्या बाकावर बसते. त्या माझ्याकडे न बघता शिकवतात. सई दुसरीकडे बसते. त्यांना हवं तसं त्यांनी करावं.

मी बाक सोडणार नाही.