पहिल्या अंकापुरते काका

नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत जे काही गायलं, वाजवलं, नाचलं आणि तळलं जातं, त्या सगळ्याची सुरुवात माझ्या जुन्या घरमालकांनी पाहिलेली आहे. शेवट त्यांनी एकाचाही पाहिलेला नाही. मी त्यांना काका म्हणतो. परभणीकडच्या एका लहान गावातून नोकरीसाठी मुंबईत आलो तेव्हा नाहूरच्या त्यांच्या घरातली आतली खोली त्यांनी मला राहायला दिली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पदवी मिळाली म्हणजे माणूस सुशिक्षित होतो असा माझा समज होता, तो काकांनी पहिल्याच डिसेंबरात दूर केला. नाताळची सुट्टी होती आणि मी खोलीत पडून होतो. काका दारात येऊन म्हणाले, "मुंबईत येऊन छत बघत बसलायस? ऊठ रे, चढ स्कूटरवर." कुठे जायचं आहे हे त्यांनी सांगितलं नाही, कारण ते त्यांचंही ठरलेलं नव्हतं.

डिसेंबरची पहिली तारीख उजाडली की काका स्वेटर घालतात. थंडीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. पंखा चालू असतो, काकू हाताने वारा घेत असतात आणि काका स्वेटर घालून स्थानिक बातम्यांचं पान उघडून बसलेले असतात. भांडुपला दशावतार, मुलुंडला शास्त्रीय गायन, घाटकोपरला एकांकिका, बोरिवलीला मालवणी जत्रा, हे सगळं एकाच संध्याकाळी असलं की काकांना अंगात ताप भरल्यासारखं होतं. यातलं एक निवडून बाकीचं सोडावं हा विचार त्यांना शिवत नाही. निवृत्त होईपर्यंत विमा कंपनीत त्यांनी इतकी वर्षं एका टेबलाशी कशी काढली, याचं कोडं त्यांच्या सहकाऱ्यांनाही उलगडलेलं नाही. स्कूटर चालवतानाही ते रस्त्यापेक्षा फ्लेक्स जास्त वाचतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या गर्दीत "भव्य लोककला महोत्सव" एवढीच अक्षरं त्यांना दिसतात आणि मग ते ज्या बाजूला वळतात त्या बाजूचा सिग्नल त्यांना दाखवायचं भान राहत नाही. मागून शिव्या येतात. काका मान न वळवता मला सांगतात, "लोकांना फार घाई असते रे आजकाल."

सभागृहात ते कडेच्या खुर्चीवर बसतात, तेही हेल्मेट मांडीवर घेऊन. पडदा वर जातो, गवई आलाप सुरू करतो, आणि साधारण माझं मन कुठे त्यात रमायला लागतं, तेवढ्यात माझ्या बरगडीत कोपर बसतं. "कळलं. चल." हे काकांचं ठरलेलं वाक्य. काय कळलं हे विचारायची सोय नसते, कारण तोवर ते दारापर्यंत पोचलेले असतात. घाटकोपरला एका एकांकिकेत बायको नवऱ्याच्या दुधाच्या पेल्यात काहीतरी मिसळत होती, नवऱ्याने पेला ओठाला लावला होता, आणि काका म्हणाले, "कळलं." तो नवरा जगला की गेला हे मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या गावात वर्षातून एकदा तमाशाचा फड यायचा. लोक बैलगाड्या जुंपून यायचे आणि कलाकार कनात गुंडाळायला लागले तरी हलायचे नाहीत. त्या सवयीच्या माणसाला असं उठवणं म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठवणं. पण तानपुरा कोणता आणि वीणा कोणती हे मला याच माणसाने दाखवलं. कीर्तनातला पूर्वरंग, नाटकातली नांदी, गाण्यातला विलंबित ख्याल, हे सगळं मला नीट ठाऊक आहे. ऑफिसात माझी रसिक म्हणून ख्याती आहे. कोणी शेवटाबद्दल विचारलं की मी चहा मागवतो.

दशावतारावर त्यांचा विशेष जीव. तिथे ते आधी रंगपटात घुसतात आणि आज कोणतं आख्यान लागणार ते विचारतात. एकदा भांडुपच्या मैदानात एक वयस्कर नट आरशासमोर बसून एका गालाला रंग लावत होते. त्यांनी आख्यानाचं नाव सांगितलं. काका म्हणाले, "हां, मग पुढचं मला माहितेय." नटाने आरशातूनच त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमका म्हायत आसात काका, आमका अजून खंय म्हायत हा?" दशावतारी नटांचे संवाद कुठे लिहिलेले नसतात, समोरचा काय बोलतो ते ऐकून जागच्या जागी सुचतात, हे मला त्या दिवशी समजलं. काकांनी मोकळेपणाने हसून दाद दिली, गणपती येऊन गेला, संकासुराने हसवलं, आणि खरं आख्यान सुरू होताच आम्ही बोरिवलीच्या वाटेला लागलो. तिथल्या जत्रेत वडे-सागोतीची ताटं हातात घेऊन आम्ही चालत जेवलो, कारण पलीकडच्या मंचावर जाखडी नाच सुरू होत होता. नाताळात एकदा ते मला होडीने गोराईला घेऊन गेले. गावातली मुलं चर्चच्या पायरीवर उभी राहून गाणी म्हणत होती. दोन गाणी होताच काका उठले. जेटीवर आलो तर होडी पलीकडे गेलेली. परत वर चर्चपाशी गेलो, तर गाणी संपून लोक केक खात होते.

काकूंनी त्यांच्याबरोबर जाणं फार पूर्वीच सोडलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका नाटकातून काका "कळलं, चल" म्हणून उठले आणि दुसऱ्या सभागृहाच्या दारात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बायको मागे राहिली. काकूंनी ते नाटक शांतपणे पुरं पाहिलं आणि बसने घरी आल्या. त्याचा शेवट काय झाला, ते काकांनी पुष्कळदा विचारूनही त्यांनी सांगितलेलं नाही.

दोन्ही मुली सासरी गेल्यावर काकू मुलुंडला एका बाईंकडे गाणं शिकायला लागल्या. वय साठीच्या पुढचं. त्यांच्या क्लासचं स्नेहसंमेलन दर नाताळात एका शाळेच्या सभागृहात होतं, आणि गेल्या डिसेंबरात बाईंनी त्यांना पहिल्यांदा एकटीने गायला सांगितलं. भूप रागातली बंदिश. मी लग्न होऊन मुलुंडला राहायला गेलो असलो तरी रविवारी जेवायला त्यांच्याकडे असतो. त्या रविवारी काकूंनी भात वाढता वाढता, आवाज जराही न चढवता सांगितलं, "अहो, बसणार असाल तर माझं गाणं संपेपर्यंत बसा. मधेच उठलात तर मला वरून दिसणार. मग माझ्याच्याने पुढे गाववणार नाही. त्यापेक्षा येऊच नका."

"एवढंच ना?" काका म्हणाले. पण नंतर ते बराच वेळ वाटीतली आमटी ढवळत बसले.

त्यानंतरचे दिवस काकांनी बसण्याचा सराव केला. हे मी विनोदाने सांगत नाही. हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून खुर्ची मांडायची आणि काकूंचं गाणं चालेल तेवढा वेळ तीवर बसायचं. मला देखरेखीला बोलावलं होतं. पहिल्या दिवशी ते गॅस बंद आहे का बघायला उठले. दुसऱ्या दिवशी गॅस मीच बघून आलो, तर घड्याळ मागे पडलंय असं त्यांना वाटलं. खरा सराव माणसांत झाला पाहिजे म्हणून आम्ही वाचनालयाच्या व्याख्यानमालेला गेलो. तिथे ते चांगले बसले होते, पण वक्त्याचा माइक जरा खाली होता. काका मंचावर जाऊन तो नीट करून आले आणि उठलोच आहोत तर, म्हणून तसेच बाहेर गेले. परतताना स्कूटर बाजूला घेऊन म्हणाले, "मला जमणार नाही रे. वाट लावीन मी तिची." इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी तसा ऐकला नव्हता.

संमेलनाच्या दिवशी नाहूरच्या मैदानात भांडुपच्या त्याच मंडळींचा दशावतार होता. मी फ्लेक्स पाहिला होता, त्यांनीही पाहिला होता. दोघांनीही विषय काढला नाही. सभागृहात ते आपणहून भिंतीकडच्या, आतल्या खुर्चीवर बसले आणि मला शेजारी बसवलं. माझ्या पलीकडे चांगल्या अंगापिंडाचं एक कुटुंब होतं. उठायचं म्हटलं तर पाच जणांचे गुडघे ओलांडावे लागले असते. "आता ठीक आहे," काका म्हणाले. लहान मुलं एकामागून एक तेच गाणं म्हणत होती. मग पाहुण्यांचं भाषण झालं, शाल-श्रीफळ झालं, ज्यांचा सत्कार राहिला त्यांचाही झाला. काकांचा पाय हलत होता. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे आमची सगळी रांग थरथरत होती. पुढच्या बाईंनी दोनदा मागे वळून बघितलं.

काकू मंचावर आल्या. काठाची साडी, केसात गजरा. बसल्या बसल्या त्यांनी चष्मा सारखा करून आमच्या रांगेकडे बघितलं आणि डोळे मिटले. बंदिशीचा पहिला भाग, म्हणजे स्थायी, छान झाला. काका माझ्या कानात म्हणाले, "बरं म्हणते रे." आवाजात आश्चर्य होतं. मग दुसरा भाग, अंतरा, यायचा. काकूंनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. तबलजीने ठेका चालू ठेवला. काकू पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या. पुन्हा अंतऱ्यापर्यंत आल्या आणि पुन्हा मागे फिरल्या. मागे कोणीतरी खोकलं.

काकांनी माझं मनगट धरलं. "पुढे काय आहे? तुला माहितेय?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, काका, तुमच्या घरात तर रोज चालू असतं.

"पहिली ओळ झाली की मी दूध आणायला जातो रे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्याच्याकडे बघवेना. मग मला जे भय होतं तेच झालं. त्यांचं अंग खुर्चीवरून उचललं गेलं. मंचावर जावं, काकूंच्या पिशवीतून वही काढून द्यावी, माइक हलवावा, काहीतरी करावं, अशा वेळी त्यांना दुसरं काही सुचत नाही. तेवढ्यात काकूंनी डोळे उघडले. काका अर्धवट उभे होते. त्यांनी एकदा काकूंकडे बघितलं आणि हळूच खाली बसले. आणि काकू पुन्हा पहिल्या ओळीवर आल्या तेव्हा त्यांनी सभागृहभर ऐकू जाईल अशी "वा" म्हणून दाद दिली. पुढच्या वेळीही दिली. त्यांना येत होती ती तेवढीच ओळ होती, तिच्यावर ते सगळा जीव ओतून माना डोलवत होते. लोकांना वाटायला लागलं की बाई मुद्दामच त्या ओळीला घोळवताहेत. तबलजी हसला. काकूही किंचित हसल्या, खांदे सैल झाले, आणि अंतरा आला. वरच्या षड्जावर स्वच्छ, सरळ आला. काका तोंड उघडं ठेवून ऐकत होते. त्यांचा पाय थांबला होता. गाणं संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण काकांच्या हातात अजून माझं मनगट होतं.

बाहेर शाळेच्या फाटकापाशी स्कूटर काढताना ते काकूंना म्हणाले, "तो दुसरा भाग मी आज पहिल्यांदा ऐकला."

"माहितेय," काकू पदर खोचत म्हणाल्या. "जिना उतरताना तुमच्या चपला वाजायच्या, त्या ऐकत ऐकतच मी तो म्हणायचे."

काकांनी स्कूटरला किक मारली. ती सुरू झाली नाही. त्यांनी दुसरी मारायला बराच वेळ घेतला.

काका बदलले असं म्हणता येणार नाही. परवाच एका लोकनाट्यातून त्यांनी मला गणगौळण होताच उठवलं. पण दूध आता इमारतीचा वॉचमन आणून देतो. सकाळी काका स्वेटर घालून स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसतात. चुळबुळ करतात, सांडशी उचलून ठेवतात, पण बसतात. काकूंचीच पंचाईत झाली आहे. मागच्या रविवारी मला वाढताना म्हणाल्या, "काय करू रे, इतकी वर्षं एकटीने म्हणायची सवय. आता अंतरा आला की मला लाजल्यासारखं होतं."