सील शाबूत, पेटी सज्ज

फौजी दवाखान्याच्या भांडारात तीस वर्षं काढलेल्या भांडारपालांना सगळे 'ताणमास्तर' म्हणायचे. जखमीच्या हातापायाला आवळून रक्त थांबवायचा रबरी पट्टा असतो ना, तो प्रत्येक पट्टा हे गृहस्थ दर महिन्याला पेटीतून काढून ताणून बघत. चाळीस पेट्या, पेटीत बारा पट्टे. लोक फिदीफिदी हसत. घरी बायकोही म्हणे, "अहो, पायजम्याची नाडी तरी एकदाच ओढा!" पण उमेदीच्या काळात सीमेवर एक पट्टा त्यांच्या हातात तुटला होता आणि समोरचा जवान पाच मिनिटांत गेला होता. मास्तर ती गोष्ट कुणाला सांगत बसत नसत. पट्टे ताणत बसत.

मग नवे मोठे साहेब आले आणि सुधारणा आली. वेळ वाचवायचा, युद्धसज्जता वाढवायची. हेतू सोन्यासारखा, कोण नाही म्हणेल? पण केलं काय, तर प्रत्येक पेटीला सील ठोकलं आणि संगणकात दोन रकाने पाडले. सील शाबूत असेल तर पेटी 'सज्ज', तुटलेलं असेल तर 'असज्ज'. झालं! म्हणजे उघडून तपासलेली पेटी असज्ज, आणि पत्र्याखाली वर्षानुवर्षं उन्हात भाजून निघालेली पेटी सज्ज. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणावं, तर तिथे निदान दळण तरी होतं!

"साहेब, सील बघून रबर कुजायचं थांबत नाही," मास्तर म्हणाले.

"तुमच्या ताणाताणीत महिन्याचे चार दिवस जातात, मास्तर," साहेब म्हणाले. "आता ते बंद."

दोन वर्षांनी एकशेवीस जवानांच्या तुकडीला सीमेवर निघायचा हुकूम आला. हाताशी दोन दिवस. मास्तरांना राहवेना. त्यांनी एका पेटीचं सील तोडलं, पट्टा ताणला, आणि तो वाळक्या काटकीसारखा मोडला. दुसरा मोडला, तिसरा मोडला. तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळपर्यंत त्यांनी चाळीसही पेट्या उघडल्या. चारशेऐंशी पट्ट्यांतले धड निघाले एकशेबारा. बाकीच्यांचा ढीग त्यांनी साहेबांच्या टेबलावर ओतला.

साहेबांनी ढिगाकडे पाहिलंच नाही. संगणकाच्या पडद्यावर चाळीस लाल ठिपके उमटले होते, ते पाहिले.

"काल चाळीस पेट्या सज्ज होत्या. एका दिवसात तुम्ही सगळ्या असज्ज केल्यात. उद्यापर्यंत लेखी खुलासा द्या."

"आणि पोरांनी रक्त कशानं थांबवायचं? माझ्या खुलाशानं?"

"दुसऱ्या भांडारातून सीलबंद पेट्या मागवल्यात."

"त्याही आपल्या पेट्यांबरोबरच आलेल्या आहेत, साहेब. रबर तेच. एक तरी उघडून बघा!"

"उघडली तर ती असज्ज होईल," साहेब शांतपणे म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

घरी बायकोनं खुलाशाचा कागद पाहिला. "निवृत्तीला चार महिने राहिलेत. चूक झाली म्हणून लिहून द्या आणि गप्प बसा."

"आणि त्या पोरांच्या आया विचारतील, त्यांना कोण उत्तर देणार? तू?"

ती उठून आत गेली. बाजाराची मोठी पिशवी घेऊन आली. "एकशेबारा मावतील ना यात?"

सकाळी गाड्या फाटकाशी लागल्या तेव्हा मास्तर पिशवी घेऊन उभे होते. प्रत्येक जवानाच्या हातात एकेक पट्टा देत होते. "खिशात ठेव. पेटीच्या भरवशावर राहू नकोस. आधी ताण. माझ्यासमोर ताण!" जवान हसत होते, ताणून दाखवत होते, खिशात घालत होते. साहेब लांबून बघत होते. त्यांनी अडवलं नाही. खिशांसाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता.

शेवटच्या गाडीपाशी पिशवी रिकामी झाली. अजून आठ जण हात पुढे करून बसले होते.

"आम्हाला, मास्तर?"

मास्तरांनी पिशवी उलटी करून झटकली.

"असू द्या हो," त्यातलाच एक जण त्यांची समजूत घालत म्हणाला, "आमच्या गाडीत पेट्या आहेत की."

साहेबांनी त्या गाडीच्या कागदावर 'पूर्ण सज्ज' असं लिहून सही केली, आणि गाडी सुटली.