देवळेकर बाईंचा रक्ताचा तास

मैदानावर कुणाचा गुडघा फुटला की आम्ही बाकीचे शिक्षक कापूस शोधायला धावायचो. देवळेकर बाई मात्र जखम नळाखाली धुवायच्या आणि रडणाऱ्यालाच म्हणायच्या, "रडू नको म्हणत नाही, पण रडता रडता बघ. रक्त थांबतंय ना? ह्या तुझ्या रक्तपट्टिका. कुणी बोलावलं त्यांना?" मूल हुंदके देत गुडघ्याकडे टक लावून बसायचं. "आधी बघा, मग घाबरा," हे बाईंचं ठरलेलं वाक्य.

आमची शाळा नाते गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. बाई महाडहून एसटीने यायच्या आणि विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. मुलांनी काही विचारलं आणि उत्तर ठाऊक नसलं, तर त्या सरळ म्हणायच्या, "माहीत नाही. विचारून सांगते." आणि खरोखरच विचारून यायच्या.

सातवीतली श्रावणी रक्ताच्या कर्करोगावर मुंबईत उपचार घेऊन वर्षभराने परतली. डोक्याला स्कार्फ, तोंडाला मास्क. डॉक्टरांनी तिला शाळेत जायची परवानगी दिली होती. गावाने दिली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिच्या वर्गातल्या साक्षीची आई दारात उभी. "बाई, माझी पोर तिच्या बाजूला बसायची नाय. रक्ताचा आजार हाय. लागला म्हंजे?"

बाईंनी वाद घातला नाही. "आलाच आहात तर तासाला बसा, ताई." तिच्या आजाराबद्दल वर्गात बोललं तर चालेल का, हे श्रावणीला त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. वर्गात त्यांनी नव्या सुईने स्वतःचं बोट टोचलं, थेंब काचपट्टीवर पसरला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकापुढे रांग लावली. "तांबड्या पेशी ढिगाने दिसतील. जांभळ्या ठिपक्याची पांढरी पेशी शोधा." बराच वेळ कुणाला सापडेना. सापडली ती साक्षीला. "आये, हितं बघ!" तिची आई पदर सावरत वाकली.

"ही रोगजंतूंना गिळते," बाई म्हणाल्या. "आपल्याकडेही मोजक्याच असतात. औषधांनी श्रावणीच्या अजून कमी झाल्यात. तिचा आजार तुम्हाला लागणारा नाही. तुमची सर्दी मात्र तिला महागात पडेल."

पंधरा दिवसांनी साक्षीची आई पुन्हा आली. "पोरीला शिंका येतायत, आज धाडत नाय. श्रावणीला लागायची." स्वतः बाईंना पडसं झालं, तेव्हा आठवडाभर त्यांनी व्हरांड्यात उभं राहून खिडकीतून शिकवलं.

दिवाळीनंतर श्रावणीला पुन्हा मुंबईला नेलं. ती परत आली नाही.

श्रावणी गेल्याची बातमी बाईंनी वर्गात सांगितली. साक्षी उठली. "बाई, गॅदरिंगच्या सरावाला मी खोकला लपवून आलेली. नाच चुकला असता. माझ्यामुळे झालं का?"

मी दारातच होतो. वाटलं, बाई तिला जवळ घेतील, नाही म्हणतील. त्यांनी जवळ घेतलं, पण म्हणाल्या, "माहीत नाही, बाळा. विचारून सांगते."

मला राग आला. पोर चार दिवस नीट जेवली नाही. संध्याकाळी घरी जाताना बाई वाट वाकडी करून तिच्याकडे जाऊन बसायच्या. चौथ्या दिवशी त्या श्रावणीच्या वडिलांकडे गेल्या आणि त्यांच्याच फोनवरून मुंबईच्या डॉक्टरांशी बोलल्या. तिथून थेट साक्षीच्या घरी. "तुझ्या खोकल्याने नाही. मूळ आजारच उलटला होता. मी दोनदा विचारलं." साक्षी आईच्या कुशीत शिरून मोठ्याने रडली. त्या रात्री जेवली.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "आणि डॉक्टर हो म्हणाले असते तर?"

"तर तेही सांगितलं असतं."

"एवढ्याशा पोरीला?"

"सर, त्या दिवशीच मी नाही म्हटलं असतं, तर ती गप्प झाली असती. पण तिचा विश्वास बसला नसता. मग ती एकटीच विचार करत राहिली असती. खरं असेल ते दोघींनी मिळून सोसलं असतं."

जूनमध्ये बाईंची पोलादपूरला बदली झाली. त्यांचं म्हणणं मला अजून पुरतं पटलेलं नाही. पण एखादं मूल अवघड काही विचारतं, गोड उत्तर माझ्या अगदी ओठांवर येतं, आणि मी थांबतो.