निर्जळी उपवास मोडला तेव्हा

देवावर माझा राग होता आणि तो मी कधी लपवलाही नाही. निपाणीजवळच्या आमच्या गावी वडील तंबाखूच्या रानात काम करताना कोसळले, ते उठलेच नाहीत. पुढं थोरला भाऊही धावताधावता तसाच गेला. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मलाही चक्कर येऊ लागली. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड झालाय, दुखणं वडिलांकडून आलंय. ते जाणार नाही, सांभाळावं लागेल. रोज तीन वेळा गोळ्या, पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही, तहान मारायची नाही. गोळ्या एकाएकी बंद तर मुळीच करायच्या नाहीत. शेतकऱ्यानं ओझं उचलायचं नाही, तर जगायचं कशाला?

मी हट्टानं नेम घेतला. पाच अमावास्या निर्जळी उपवास करून स्तवनिधीच्या डोंगरातल्या जैन देवळात, तिथल्या राखणदार ब्रह्मदेवाला चालत जायचं. आम्हा जैनांत निर्जळी म्हणजे पाण्याचा थेंबही नाही, मग गोळी कशाबरोबर गिळणार? त्या दिवशी तीही सोडायची. वाचवायचं असेल तर वाचव, असं देवाला आव्हानच दिलं.

दुसऱ्याच अमावास्येला चढावर डोळ्यांपुढं अंधार आला. शुद्धीवर आलो तेव्हा एका अनोळखी म्हातारीनं माझे पाय दगडावर उंच टेकवले होते. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"पी रं आप्पा."

"न्हाय आक्का, निर्जळी हाय."

"मलाबी उपासच हाय. ह्ये अभिषेकाचं पाणी. देव थांबंल, तुला थांबाय जमायचं न्हाय. मेल्यावर कसला नेम? पी गप."

मला रडू फुटलं, तेही रागाचंच. प्यालो. मी उठून बसल्यावर ती रिकामा तांब्या घेऊन वर निघून गेली. पुन्हा कधी दिसली नाही. घरचे म्हणतात, देवीच ती. मी वाद घालत नाही. मला ती उपाशी, घामेजलेली बाईच पुरते.

तिथंच देवळाकडं तोंड करून जुना नेम सोडला आणि औषधाचा धरला. भावकी हसली, "पोतं उचलत न्हाईस, गडी हाईस का कोण?" म्हटलं, तुम्ही उचला. आता उपवासालाही सगळ्यांदेखत घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतो.

शरण जाणं म्हणजे हरणं, असं मला वाटायचं. देवानं दिलेलं हे जाड काळीज आपलं म्हणून सांभाळायचं, एवढंच माझं शरण जाणं. त्या माउलीचे उपकार फिटायचे नाहीत. मरण यायचं तेव्हा येईल, पण मी होऊन त्याला दार उघडणार नाही.