जाड सुई
स्पिरिटचा वास आला की लोणावळ्यातली सोनोग्राफीची ती थंड खोली आठवते. स्तनात गाठ लागली होती, ती सुई टोचून तपासायची होती आणि घरी मी ब्लाउज शिवायला टाकायचाय असं सांगून कान्हे गावाहून एकटीच गेले होते. बाकावर शेजारी बसलेली भाजे गावची एक मावशी म्हणाली, "जाड सुईच घे बाय. बारकीनं माजं काय कळलं न्हाई, पुन्ना हितंच बसलेय. तुज्यासंगं कुनी न्हाई व्हय?" डॉक्टरांनीही सांगितलं, बारीक सुईत नुसत्या पेशी येतात, जाड सुईत गाठीचा तुकडा मिळतो. मी जाड सुई घेतली आणि ती गाठीत शिरताना पडद्यावर पाहत पलंगाची दांडी घट्ट धरली. रिपोर्टमध्ये गाठ साधी निघाली, कॅन्सरची नव्हती. आनंदानं फोन हातात घेतला, पण गाठ होती हेच कुणाला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही.