पुढचं दार, मागचं दार

दारूच्या दुकानात चौदा वर्षं काढली की किस्से साठतातच. ते गोळा करावे लागत नाहीत, कपड्यांना वास लागावा तसे आपोआप लागतात. आता मी आजऱ्यात काजूच्या कारखान्यात आहे. जेवणाच्या सुट्टीत मंडळी डबे उघडतात आणि म्हणतात, "संभादा, काढा की एखादा!" मी काढतो. सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो, पण नंतर डबा अर्धाच ठेवून झाकण लावतो. आज सगळेच सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी मागायला नको.

आमचं गाव डोंगरात, एसटीचा शेवटचा स्टॉप. गाडी दिवसातून दोनदा. गावात दवाखाना नाही, मेडिकल नाही, पण देशी दारूचं सरकारमान्य दुकान आजही आहे, आणि मी त्याचा मॅनेजर होतो! बोर्डावर वेळ लिहिलेली, सकाळी आठ. पण मालकांची ऑर्डर अशी, की मागचं दार सहाला उघडायचं. कामावर जाणारी माणसं आठपर्यंत थांबतात होय?

सहाला पहिला नंबर श्रीपतीकाकांचा. आमचे सख्खे शेजारी. ते मागच्या दारातून तोंड पुसत बाहेर पडले की नळावरच्या बायका म्हणायच्या, "चला, सहा वाजलं!" आख्ख्या गल्लीचं घड्याळ!

*

एकदा तपासणीला नवे साहेब आले. साध्या कपड्यात, मोटरसायकलवरून. कट्ट्यावर श्रीपतीकाका बसलेले. साहेबांनी सहज विचारलं, "काय हो, दुकान कधी उघडतं?"

काका अगदी सरळ माणूस. म्हणाले, "पावणं, पुढचं का मागचं?"

साहेबांनी मला असं झापलं की कान लाल झाले. मागचं दार आठ दिवस बंद.

आता हसून झालं असेल तर पुढचं ऐका. त्या आठ दिवसांत श्रीपतीकाका रोज शुद्धीत भाताच्या लावणीला गेले. त्यांची बायको, आमची तनुकाकी, शाळेत खिचडी शिजवते. ती भेटेल त्याला सांगत सुटली, "आमचं माणूस काल माझ्यासंगं बसून जेवलं बगा!" नवव्या दिवशी मालकांचा फोन आला आणि मी कडी काढली.

*

गांधी जयंतीला आमचा ड्राय डे. त्या वर्षी मालकांनी शाळेला वह्या वाटल्या होत्या, म्हणून हेडमास्तरांनी त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मालक गावाला गेलेले. म्हणाले, "तू जा." गेलो. त्यांनी मला हार घातला, नारळ दिला, आणि हेडमास्तर माइकवर म्हणाले, "आता पाहुणे आपल्याला व्यसनमुक्तीची शपथ देतील!"

काय करणार? दिली! हात पुढे करून, खणखणीत आवाजात. पोरं माझ्यामागून म्हणत होती. खिचडीच्या खोलीच्या दारात तनुकाकी उभी होती. तिनेही ओला हात पुढे केलेला, आणि शब्दन् शब्द म्हणत होती.

कार्यक्रम संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "चांगलं बोललास की रं संभा! उद्या सकाळी मागच्या दारातबी म्हन."

नारळ मी घरी नेला नाही. देवळात ठेवून आलो.

*

हा किस्सा कारखान्यात सगळ्यांत जास्त चालतो. खरं तर तो मी कधीच सांगायला नको होता.

भाताची मळणी चालू होती. श्रीपतीकाका सहाला माझ्याकडे येऊन गेले आणि साडेसातला त्यांचा उजवा हात मशीनमध्ये गेला. दोन बोटं गेली. गावात गाडी मिळेपर्यंत तासभर काकी पदरानं हात दाबून बसली होती. पंधरा दिवसांनी काका पट्टी बांधून मागच्या दारात हजर! पेला डाव्या हातात घेतला आणि म्हणाले, "काय बिघडत न्हाय, ह्योबी हात चालतोय की!"

सगळे खो खो हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी. आणि पेला भरून देणाराही मीच.

*

मग दुकान बंद करायला बायकांनी उचल खाल्ली. पुढे काकी. घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या. आमच्याकडे आली तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. माझ्या बायकोनं माझ्यासमोर सही करायला घेतली. मी म्हटलं, "अगं, माझी नोकरी जाईल!"

ती म्हणाली, "हे पेन नीट चालत न्हाय, दुसरं द्या."

दिलं!

*

शेवटी मतदान लागलं. फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान राहणार, आडवी म्हणजे बंद. पण नियम असा, की यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला पाहिजे. जी आलीच नाही, ती उभ्या बाटलीच्या पदरात!

मालकांना हा नियम पाठ होता. मतदान गुरुवारी, दत्ताचा वार. त्यांनी नृसिंहवाडीला दर्शनाची फुकट बस काढली, मतदान सुरू व्हायच्या आधी पहाटेच सुटणारी. बायकांना गोळा करायचं काम माझ्याकडे. माझी बायको काही आली नाही. तिने मतदान सुरू होताच मत दिलं. तनुकाकी मात्र बसच्या पायरीवर अडली.

"संभा, मत द्यायचं हाय रं मला. पाचला बंद हुतंय म्हनं."

"काकी, तीनला गावात पोचतो की! आधी देवाला सांगा, मग शिक्का मारा."

तिला ते पटलं. बाकीच्याही मग भराभर चढल्या. पन्नासची बस, साठ बायका!

वाडीत दर्शनाची रांग मोठी होती. मग मी महाप्रसादाला बसवलं, मग नदीवर नेलं, मग पेढ्यांच्या दुकानात. परतताना काकी दर दहा मिनिटांनी विचारायची, "किती वाजलं?" मी म्हणायचो, "पोचतोय की." साडेचार वाजले तेव्हा गाव पंधरा मिनिटांवर होतं. ड्रायव्हरला मालकांनी सांगून ठेवलेलं, फाट्यावर चहाला अर्धा तास काढायचा. पण त्यानंही बायकांची तोंडं पाहिली असावीत. मागे वळून मला हळूच विचारलं, "थांबवायची, का जाऊ सरळ?"

तेवढ्यात काकी सीटवरून उठून माझ्याजवळ आली. पदराची गाठ सोडली आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

"वाडीचा परसाद हाय. आज बाटली आडवी पडली की तुझी नोकरी जानार. म्हनून देवाला सांगून आले, आदी आमच्या संभाला दुसरं काम लाव, मग दुकान बंद कर."

मी पेढा तोंडात टाकला. ड्रायव्हर अजून माझ्याकडेच बघत होता.

म्हटलं, "थांबव. चहा घेऊ."